मृदंगाची कणीक ते टेबलाखालचा सबवूफर : बेस घरात आला कसा?



गणपती जवळ आले की एक प्रश्न हमखास येतो. "दादा, पाच-सहा हजारांत दणदणीत बेसवाले कॉम्प्युटर स्पीकर सांग ना. गाणी ऐकायला." एखाद्या मॉडेलचं नाव सांगून हा प्रश्न दोन मिनिटांत मिटवता येतो. पण ते मॉडेल सहा महिन्यांत बाजारातून जातं, नवीन येतं, आणि प्रश्न तिथेच राहतो. म्हणून आजच्या भागात जरा मागे जाऊया. बेस म्हणजे काय, तो आपल्या घरात कुठल्या वाटेने आला, मध्येच कुठे हरवला आणि परत कसा आला, हे एकदा कळलं की रत्नागिरीतल्या कुठल्याही दुकानात उभे राहून तुम्ही स्वतःच निवड करू शकाल.

डावा हात गेला कुठे?

आधी एक छोटा प्रयोग. नमनाचं किंवा जाखडीचं एखादं चांगलं रेकॉर्डिंग फोनवर लावा. हेडफोन नको, फोनचाच स्पीकर. झांज ऐकू येईल, घुंगरू ऐकू येतील, शाहिराचा शब्द न् शब्द कळेल. मृदंगाच्या उजव्या पुडीचा टणत्कारही येईल. आता डावी पुडी शोधा. ती जी छातीत 'धुम' करून बसते ना, ती सापडते का बघा.

सापडणार नाही. माणसाच्या कानाला साधारण २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात किती कंपनं. मृदंगाचा किंवा डग्ग्याचा खर्ज असतो शंभर हर्ट्झच्या आसपास किंवा त्याच्याही खाली. बेस गिटारची सगळ्यात जाड तार वाजते ४१ हर्ट्झला. आणि फोनचा तो नखाएवढा स्पीकर चार-पाचशे हर्ट्झच्या खाली झपाट्याने दमतो. म्हणजे मृदंगियाच्या दोन हातांपैकी एकच हात तुमच्यापर्यंत पोचतो.

मग फोनवर ढोल आहे हे कळतं तरी कसं? ती आपल्या मेंदूची करामत. कुठल्याही सुराबरोबर त्याचे वरचे उपसूरही वाजत असतात. फोन ते उपसूर ऐकवतो आणि मेंदू त्यावरून मूळ खर्ज काय असेल ते भरून काढतो. डच संशोधक शाउटन यांनी १९४० च्या सुमारास यावर सविस्तर काम केलं. म्हणून फोनवर बेस 'समजतो', पण अंगाला लागत नाही. पालखी नाचताना ढोलाजवळ उभं राहिलेल्या माणसाला हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

कणकेचं गणित

लाऊडस्पीकर यायच्या कितीतरी आधी आपल्याकडे बेसचं तंत्र होतं. पखवाज, मृदंग वाजवायला बसण्याआधी वादक डाव्या पुडीवर ओली कणीक लावतात. कणीक कशाला? पुडी जड करायला. पडदा जड झाला की तो सावकाश हलतो, सावकाश हलला की सूर खाली उतरतो. कणीक थोडी वाढवली की खर्ज आणखी खोल, थोडी काढली की वर. उजव्या पुडीवरची काळी शाई हेसुद्धा विचारपूर्वक घातलेलं वजनच आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात आपल्या तालवाद्यांवर लिहिलं. साध्या ताणलेल्या चामड्याचे उपसूर एकमेकांशी जुळत नाहीत, पण शाईच्या वजनामुळे ते सुरेल जुळतात, हे त्यांनी दाखवलं. पुढे १९३४ साली त्यांनी याच विषयावर मोठा लेख लिहिला. तोवर त्यांना नोबेल मिळून चार वर्षं झाली होती.

आता कणकेची दुसरी बाजू बघा. पुडी जड झाली की ती बोटाच्या टिचकीने वाजत नाही. डाव्या हाताचा पूर्ण पंजा पडावा लागतो. म्हणजे खोल आवाज हवा असेल तर जास्त ताकद मोजावी लागते. हे वाक्य लक्षात ठेवा. स्पीकरची पुढची शंभर वर्षं याच एका वाक्याभोवती फिरणार आहेत.

चाकरमान्यांच्या सामानातून

भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ साली. कलकत्त्यात फ्रेड गायसबर्ग या इंग्रज कंपनीच्या माणसाने गौहर जान यांचं गाणं तबकडीवर घेतलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने एका भोंग्यात तोंड घालून गायचं, त्या आवाजाच्या जोराने सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. या पद्धतीत साधारण दोनशे हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच उतरत नसे. शिवाय डग्ग्याचा जोरदार ठोका पडला तर सुई उडायची भीती, म्हणून तालवाद्यं मागे बसवत. म्हणजे आपल्या संगीताचा पहिला जतन झालेला काळ हा डाव्या हाताशिवायचा काळ आहे. १९२५ पासून मायक्रोफोन आणि विजेवरचं ध्वनिमुद्रण सुरू झालं, तेव्हा खर्ज पहिल्यांदा नीट तबकडीवर आला.

मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं २३ जुलै १९२७ रोजी. रेडिओ आला तो लाकडी पेटीतला, व्हॉल्व्हवाला. पेटी मोठी, आत सहा-आठ इंचांचा स्पीकर. ज्यांनी तो ऐकलाय ते आजी-आजोबा त्याच्या भरदार आवाजाबद्दल बोलतात. त्यात आठवणीचा गोडवा असेल, पण पेटीच्या आकाराचाही हात आहे.

कोकणात या वस्तू आल्या त्या मुंबईमार्गे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाड्यावाड्यांतून माणसं गिरण्यांत गेली, गोदीत गेली आणि गणपतीला, शिमग्याला परत आली, आधी बोटीने, मग एसटीने. सामानात काय असायचं? साठ-सत्तरच्या दशकांत ट्रान्झिस्टर. सेलवर चालणारा, त्यामुळे वीज नसलेल्या घरातही बातम्या आणि विविध भारती. सोय प्रचंड झाली, पण स्पीकर दोन-तीन इंचांवर आला आणि बेस पुन्हा गेला. ऐंशीच्या दशकात टू-इन-वन टेपरेकॉर्डर आला. त्याचं खोकं मोठं, स्पीकर मोठा, बेस थोडा परत. कॅसेट स्वस्त झाल्यामुळे तोपर्यंत फक्त जत्रेत, देवळासमोर ऐकायला मिळणारी लोकगीतं घरात वाजू लागली.

मंडपात मात्र वेगळी गोष्ट होती. माडावर किंवा बांबूला बांधलेला तो पत्र्याचा कर्णा आठवा. तो भाषणासाठी, आरतीच्या सूचनेसाठी बनलेला. कमी वॅटमध्ये आवाज लांब नेतो, पण खर्ज त्याला जमतच नाही. कर्ण्याला खाली उतरायचं तर त्याचं तोंड कित्येक फूट रुंद करावं लागतं. म्हणून जत्रेतलं गाणं लांबून ऐकताना पातळ, नाकातून आल्यासारखं वाटायचं.

यात एक लय दिसते. वस्तू लहान आणि सोयीची झाली की बेस जातो. मोठं खोकं आलं की परत येतो. १९७५ साली 'शोले' ७० मिलिमीटरवर आणि स्टिरिओफोनिक आवाजात आला, तेव्हा ज्यांनी तो मोठ्या थिएटरात पाहिला त्यांना घरच्या ट्रान्झिस्टरमध्ये काय नाही ते कळलं.

कागदाचा शंकू आणि माठ

आज तुमच्या टेबलावर जो स्पीकर येणार आहे, त्याचा आराखडा १९२५ सालचा आहे. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी तो मांडला. चुंबकाच्या फटीत तारेचं एक हलकं वेटोळं, त्याला चिकटलेला कागदाचा शंकू. वेटोळ्यातून विजेचा प्रवाह गेला की शंकू पुढे-मागे हलतो, हवा ढकलतो, आपल्याला आवाज ऐकू येतो. शंभर वर्षं झाली, मूळ कल्पना तीच.

पण नुसता स्पीकर हातात धरून वाजवलात तर बेस येत नाही. कारण शंकू पुढे जातो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. खालच्या सुरांच्या लाटा लांबलचक असतात. आपल्याकडच्या हवेत ४० हर्ट्झची एक लाट भरते जवळजवळ पावणेनऊ मीटर. इतकी लांब लाट स्पीकरच्या कडेवरून सहज वळते, पुढची आणि मागची एकत्र येतात आणि एकमेकींना मारतात. त्यांना वेगळं ठेवायचं तर मागच्या बाजूला खोकं हवं.

हे आपल्या लोकांना पुस्तकाशिवाय कळलं होतं. जुन्या गाडीचा किंवा टेपरेकॉर्डरचा स्पीकर मातीच्या माठाच्या तोंडावर बसवायचा, ही युक्ती देशभर घराघरांत झालेली आहे. माठ मागची लाट अडवतो आणि आवाज एकदम भरतो. याउलट फोन स्टीलच्या पेल्यात ठेवला तर आवाज मोठा होतो, पण बेस येत नाही. पेला त्याच्या आकाराला साजेसे वरचे सूर फुगवतो. जे फोनमधून निघालंच नाही, ते पेला कुठून आणणार?

खोक्याला भोक ठेवायची युक्ती बेल लॅबमधल्या अल्बर्ट थुरास यांची. तिचं पेटंट १९३२ चं. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की 'भों' असा एकच सूर निघतो ना, तेच तत्त्व. खोक्यातली हवा आणि भोकातली हवा मिळून एका ठरावीक सुराला झोल घेतात आणि बेसला फुकटची मदत होते. आज स्वस्तातल्या बहुतेक सबवूफरला असं भोक असतं. ते नीट मोजून केलेलं असेल तर छान. उरकून टाकलेलं असेल तर गाण्यातला प्रत्येक खालचा सूर एकाच 'धूम'मध्ये बुडतो.

लहान खोकं हवंय? मग वॅट मोजा

१९५४ पर्यंत खोल बेस म्हणजे कपाटाएवढं खोकं. त्या वर्षी एडगर विल्चर आणि त्यांचा विद्यार्थी हेन्री क्लॉस यांनी अमेरिकेत 'अकूस्टिक रिसर्च' ही कंपनी काढली आणि पुस्तकांच्या फळीवर मावेल असा स्पीकर आणला. शंकूला मागे खेचायला कडक कड न वापरता, बंद खोक्यातल्या हवेचीच स्प्रिंग त्यांनी वापरली. शंकू सैल सोडला, जड ठेवला. खोकं लहान झालं आणि बेस खोल राहिला.

फुकट? नाही. हा स्पीकर जुन्या कपाटांपेक्षा फार मंद वाजायचा. त्याला हलवायला जास्त वॅटचा अँप्लिफायर लागायचा. डाव्या पुडीला पंजा लागतो तसाच.

पुढे क्लॉसने दोन भागीदारांबरोबर 'केएलएच' काढली. तिच्यातला 'एच' म्हणजे अँटन हॉफमन. साठच्या दशकात त्यांनी हा व्यवहार एका नियमात बसवला. आज त्याला हॉफमनचा पोलादी नियम म्हणतात. तीन गोष्टी हव्या असतात : लहान खोकं, खोल बेस, आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज. तीनपैकी दोनच मिळतात. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी हे सगळं समीकरणांत आणलं, पण नियमातून सुटका कुणाचीच झाली नाही.

म्हणून आजच्या भागातली एकच गोष्ट न्यायची असेल तर ही न्या : वॅट म्हणजे बेस नाही. वॅट ही लहान खोक्याची किंमत आहे.

टेबलाखाली सबवूफर

कॉम्प्युटर मुळात मुका होता, फार तर 'टिक' करायचा. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर कार्ड आणलं आणि त्याला आवाज मिळाला. त्याच सुमारास घरच्या संगीतात एक बदल होत होता. बंगाली वडिलांचे चिरंजीव अमर बोस यांच्या कंपनीने १९८७ मध्ये असा संच आणला, की दोन मुठीएवढे स्पीकर समोर आणि बेसचं एकच खोकं कुठेतरी कोपऱ्यात. हे चालतं, कारण साधारण ८०-१०० हर्ट्झच्या खालचा आवाज नेमका कुठून येतोय ते कानाला ओळखता येत नाही. हीच मांडणी कॉम्प्युटरसाठी सोयीची ठरली. दोन स्पीकर स्क्रीनच्या बाजूला, सबवूफर टेबलाखाली. यालाच आपण २.१ म्हणतो.

गंमत म्हणजे पुस्तकांच्या फळीवरचा स्पीकर आणणारा हेन्री क्लॉस १९८८ मध्ये 'केंब्रिज साउंडवर्क्स' कंपनीचा सहसंस्थापक झाला, आणि १९९७ मध्ये ती साउंड ब्लास्टरवाल्या क्रिएटिव्हने घेतली. एकेकाळी सिनेमा थिएटरच्या पडद्यामागचे अजस्र स्पीकर बनवणाऱ्या अल्टेक लान्सिंगचं नाव नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरच्या स्पीकरवर दिसू लागलं. मोठ्या खोलीसाठी लागलेलं ज्ञान टेबलावर उतरलं.

रत्नागिरीपर्यंत ते उतरलं असेंबल केलेल्या कॉम्प्युटरबरोबर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग यायचे, आणि २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली तेव्हा ते आणणं सोपं झालं. एमपीथ्री हे नाव १९९५ चं, विनअँप १९९७ चा. एका सीडीत दीड-दोनशे गाणी मावू लागली. कॉम्प्युटर हे घरातलं सगळ्यात मोठं गाण्याचं कपाट झालं आणि त्याला तोंड म्हणून २.१ संच आला. मग २०१६ नंतर स्वस्त डेटा आला, गाणी फोनवर गेली आणि जुनी लय पुन्हा सुरू झाली. सोय आली, बेस गेला. म्हणूनच आज तुम्ही स्पीकर शोधताय.

स्टिकरवरचे पाच हजार वॅट

आता दुकानात जाऊया. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'पीएमपीओ ५००० वॅट'. हे पीएमपीओ म्हणजे क्षणभरासाठी, कागदावर, कशाही परिस्थितीत निघू शकेल असा आकडा. तो कसा मोजायचा याचं सर्वमान्य मानकच नाही. अमेरिकेत घरगुती अँप्लिफायरचे असेच फुगवलेले आकडे चालायचे, तेव्हा १९७४ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला, की सतत किती वॅट निघतात तेच सांगा.

आपण शाळेतल्या गणिताने तपासू. घरातल्या छोट्या सॉकेटची क्षमता ६ अँपिअर. २३० गुणिले ६, म्हणजे १,३८० वॅट. मग ५,००० वॅट येणार कुठून? यूएसबीवर चालणारे छोटे स्पीकर बघा. साधं यूएसबी २.० पोर्ट देतं ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर. गुणाकार अडीच वॅट. त्यापेक्षा जास्त आवाजाची वीज त्या पोर्टमधून सतत निघूच शकत नाही. म्हणून खोक्याच्या मागची बारीक अक्षरं वाचा आणि 'आरएमएस' शोधा. खरा आकडा तो.

आरएमएस किती हवा? मध्यम स्पीकर एका वॅटमध्ये एक मीटरवर साधारण ८५ डेसिबल देतो. दहा वॅटमध्ये ९५. टेबलाशी बसून ऐकणाऱ्याला एवढं खूप झालं. म्हणून दहा बाय बाराच्या खोलीत एकूण ४०-६० खरे वॅट भरपूर होतात. त्यातला मोठा वाटा सबवूफरला लागतो, कारण तेवढाच आवाज एक सप्तक खाली न्यायचा तर शंकूला चौपट अंतर हलावं लागतं. शंभर हर्ट्झला एक मिलिमीटर, तर पन्नासला चार. म्हणून शंकू रुंद हवा, खोकं ऐसपैस आणि जड हवं. लाकडी खोक्यातला साडेपाच-साडेसहा इंची वूफर आणि प्लॅस्टिकमधला तीन इंची, यात स्टिकर काहीही म्हणो, पहिलाच घ्या.

दुकानात उभं राहून

पहिलं, दोन छोट्या स्पीकरकडे बघा. ते फार लहान असले तर दीड-दोनशे हर्ट्झपर्यंतसुद्धा उतरत नाहीत, मग मधला भाग सबवूफरवर ढकलला जातो. पुरुषाचा आवाज साधारण ८५ ते १८० हर्ट्झपासून सुरू होतो. परिणाम काय? गायकाचा अर्धा गळा टेबलाखालून येतो. बाजूचे स्पीकर निदान तीन इंचांचे असावेत. कधी कधी स्वस्त २.१ पेक्षा चार-पाच इंची वूफरचे दोनच चांगले स्पीकर गाण्याला जास्त न्याय देतात, तेही ऐकून बघा.

दुसरं, आपली गाणी घेऊन जा. दुकानदार जे लावेल त्यात फक्त 'धूम' असते. तुम्ही असं गाणं लावा ज्यात बेस गिटार वर-खाली चालते. प्रत्येक सूर वेगळा ऐकू येतो का? की सगळे एकाच जाड आवाजात मिसळतात? मग नमन किंवा भजन लावा. डाव्या हाताची घुमक पडते, किंचित लांबते आणि थांबते. ती थांबायला हवी. मृदंगियाने हात उचलल्यावरही सबवूफर गुरगुरत राहिला तर तो संच ठेवून द्या.

तिसरं, आवाज कमी करून ऐका. १९३३ मध्ये बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवलं, की आवाज लहान झाला की कानाला बेस जास्तच कमी ऐकू येतो. घरी आपण बहुतेक वेळ लहान आवाजातच ऐकतो. म्हणून सबवूफरचं बटण वेगळं हवं, म्हणजे गरजेप्रमाणे थोडं वाढवता येतं.

चौथं खास आपल्यासाठी. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि हवेत समुद्राचं मीठ आहे. शंकूच्या कडेची पट्टी फोमची असेल तर दमट हवेत ती काही वर्षांत भुगा होते. रबराची टिकते. हलक्या भुश्शाच्या फळ्यांचं खोकं ओल लागली की फुगतं, म्हणून सबवूफर थेट जमिनीवर, ओल्या भिंतीला चिकटवून ठेवू नका. विजांच्या दिवसांत प्लग काढून ठेवा.

घराची भिंत, शेजारची भिंत

तोच संच दोन घरांत दोन तऱ्हांनी वाजतो. जांभ्याचं कौलारू घर असेल तर खालच्या सुरांचा बराचसा भाग कौलांतून, फटींतून बाहेर जातो. आवाज मोकळा, पण बेस कमी वाटतो. तिथे सबवूफर कोपऱ्याकडे सरकवा, दोन भिंती आणि जमीन मिळून बेस वाढवतात. स्लॅबच्या फ्लॅटमध्ये उलटं. बारा फुटांच्या दोन समांतर भिंतींमध्ये साधारण ४८ हर्ट्झचा सूर अडकून फुगतो. तिथे सबवूफर कोपऱ्यातून बाहेर काढा, थोडा हलवत राहा. तीन फूट हलवल्याने जो फरक पडतो, तो कधी कधी तीन हजार जास्त देऊनही पडत नाही.

आणि शेजारी? झांजेचा आवाज भिंत अडवते. खर्ज भिंत ओलांडतो. तुम्हाला गाणं ऐकू येतं, खालच्या मजल्यावरच्या काकूंना फक्त 'धुप् धुप्'. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण फोनवरचं डेसिबल अ‍ॅप बहुधा ज्या पद्धतीने मोजतं, त्यात ५० हर्ट्झचा आवाज सुमारे ३० डेसिबलने कमी धरला जातो. म्हणजे अ‍ॅपवर आकडा नियमात असेल आणि काकूंच्या खिडकीची काच थरथरत असेल, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. सबवूफरखाली जाड रबर ठेवा. दहानंतर त्याचं बटण शून्यावर न्या किंवा हेडफोन लावा. हेडफोनवरही बेताने. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सांगतो, ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, ९० डेसिबल मात्र चारच तास. गेलेली ऐकण्याची शक्ती परत येत नाही.

चांगला बेस म्हणजे सगळ्यात मोठा बेस, ही समजूत मंडपातल्या भिंतीएवढ्या डीजेने आपल्या डोक्यात घातली आहे. तिथे बेस अंगावर येतो आणि बाकी सगळं गिळतो. घरी आपल्याला त्याचं उलट हवंय. शाहिराचा शब्द, झांज, उजवी पुडी हे सगळं जागच्या जागी राहून त्याखाली डावी पुडी नीट उभी राहावी, एवढंच. कणीक लावणारा वादक हेच करतो. थोडी लावतो, वाजवून बघतो, चिमूटभर काढतो, पुन्हा वाजवतो. उजवी-डावी जुळली की थांबतो. सबवूफरचं बटणसुद्धा तसंच फिरवा.

स्पीकर आणल्यावर पहिलं काय लावलंत ते कळवा. आणि गावातल्या नमन मंडळाचं, भजनाचं रेकॉर्डिंग करणार असाल, तर फोन झांजेच्या शेजारी ठेवू नका. मृदंगाच्या डाव्या बाजूला, चार-पाच फुटांवर ठेवा. फोनच्या स्पीकरला बेस जमत नसला, तरी त्याच्या माइकला बराचसा ऐकू येतो. तुम्ही तो पकडून ठेवलात, तर पुढे कुणीतरी चांगल्या स्पीकरवर तो ऐकेल.

भेटूया पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, बेताने ऐका.